पोटाखालची वीत

मोटार घेणं पूर्वी फार सोपं होतं, कारण ती मिळतच नसे. अर्ज करायचा, अनामत भरायची आणि वाट पाहत बसायचं. फियाटसाठी नंबर लावला तेव्हा पाळण्यात असलेला मुलगा, गाडी दारात येईपर्यंत ती धुण्याच्या वयाचा झालेला असे. एवढ्या वर्षांत मनातल्या शंकाकुशंका आपोआप निवर्तत. शिवाय शंका घ्यायची तरी कशाबद्दल? अॅम्बॅसॅडर घ्यायची नाहीतर फियाट. स्टँडर्ड हेरल्ड नावाची तिसरी एक होती, पण ती लग्नातल्या लांबच्या मामीसारखी. आहे हे सगळ्यांना ठाऊक, विचारायला कोणी जात नसे.

गंमत म्हणजे या सगळ्या मूळच्या युरोपियन. अॅम्बॅसॅडर ही इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, बंगालात उत्तरपाड्याला येऊन मासे-भातावर गुटगुटीत झालेली. फियाट इटलीची; सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी काढलेल्या प्रीमियर कंपनीने तिला कुर्ल्यात वाढवली आणि सत्तरच्या दशकात तिचं बारसं करून पद्मिनी नाव ठेवलं. म्हणजे आपले वाडवडील आयुष्यभर युरोपियन सेडानच घेत होते, फक्त 'सेडान' हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता. मोटार म्हणजे पुढे इंजिनाची पेटी, मध्ये माणसांची पेटी आणि मागे सामानाची पेटी. मुलं पाटीवर मोटार काढत तीही तीन पेट्यांचीच.

पुढे २०१४ साली अॅम्बॅसॅडरचं उत्पादन थांबलं. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. आणि आता, सगळा देश उंच उंच गाड्यांत चढून बसलेला असताना, माझ्या डोक्यात तीन पेट्यांची, डिकीवाली, युरोपियन मोटार घ्यायचं आलं. का आलं हे विचारू नका. कोणाला नाटकाचं वेड असतं, कोणाला कुंडल्या पाहण्याचं. मला लहानपणापासून डिकीचं आहे.

हे पुण्या-मुंबईत राहून डोक्यात आलं असतं तर कोणी हरकत घेतली नसती. पण मी राहतो जिवती तालुक्यात.

ज्यांना जिवती ठाऊक नाही (आणि ही मंडळी बहुसंख्य आहेत) त्यांच्यासाठी सांगतो. चंद्रपूरहून निघायचं, बल्लारपूरला कागदाच्या कारखान्याचा वास घ्यायचा, वर्धा ओलांडून राजुऱ्याला यायचं, तिथून सिमेंटच्या गडचांदूरला, आणि मग माणिकगडाच्या डोंगरात शिरून चढायला लागायचं. वर जे पठार लागतं ते आमचं. गोंड आणि कोलामांची जुनी वस्ती, बंजाऱ्यांचे तांडे, आणि दुष्काळात मराठवाड्यातून गाडगी-मडकी घेऊन आलेली आणि इथंच राहिलेली माणसं. कापूस, तूर, ज्वारी. अनेक गावांच्या नावामागे 'गुडा'. पलीकडे उतरलं की तेलंगण. प्रवासाला एसटी आणि काळीपिवळी. मुंबईत काळीपिवळी म्हणजे टॅक्सी, आमच्याकडे जीप. माझ्या शाळेतली मुलं मोटारीचं चित्र काढतात ते एकाच पेटीचं असतं, आणि मागे लटकलेला माणूस काढल्याशिवाय ते पूर्ण झालं असं त्यांना वाटत नाही.

अशा ठिकाणी मी युरोपियन सेडानचा विचार सुरू केला. एक वही केली. डावीकडे 'पसंत', उजवीकडे 'शंका'.

पहिलं पान उमेदवारांचं. मास्तराच्या प्रॉव्हिडंट फंडाला झेपतील अशा युरोपियन सेडान आज दोनच उरल्या आहेत: स्कोडाची स्लाविया आणि फोक्सवॅगनची व्हर्टस. दोघी २०२२ साली आल्या. सख्ख्या बहिणीच आहेत. हाडं एक, इंजिनं एक, फक्त वेणी घालायची पद्धत निराळी. स्लाविया या नावाची कथा मला फार आवडली. १८९५ साली आजच्या चेक देशातल्या म्लादा बोलेस्लाव्ह गावी लॉरिन आणि क्लेमेंट या दोघांनी सायकली बनवायला सुरुवात केली, त्या सायकलीचं नाव स्लाविया. त्यातूनच पुढे स्कोडाचा मोटारकारखाना झाला. म्हणजे दहा लाखांच्या वर पैसे मोजून मी घेणार होतो ती नावाने सायकलच. व्हर्टस म्हणजे लॅटिनमध्ये शौर्य, सद्गुण वगैरे. आणि फोक्सवॅगन म्हणजे जर्मन भाषेत लोकांची गाडी. किंमत पाहिल्यावर 'कोणत्या लोकांची' एवढाच प्रश्न उरतो.

आता या दोघी बनतात कुठे? चाकणला! जिथले कांदे-बटाटे प्रसिद्ध त्या चाकणला. म्हणजे युरोपियन म्हणून जिचा एवढा तोरा, ती निघाली खेड तालुक्यातली. त्याआधी २००१ साली स्कोडाची ऑक्टाव्हिया आली तीही औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला जुळवली जाई. हे मी आमच्या शेजाऱ्यांना सांगितलं, तेव्हा ते गहिवरून म्हणाले, "म्हणजे आपल्यासारखीच मराठवाड्यातून आलेली म्हणा की!"

मेहुणे पुण्याला असतात. मोटारींबद्दल ते अधिकाराने बोलतात, कारण त्यांच्याकडे मोटार नाही. फोनवर म्हणाले, "भाऊजी, युरोपियन गाडीचं दार लावून बघा. 'धप्प' असा आवाज येतो. जपानी गाडीचा 'टण्ण' येतो." पुढल्याच महिन्यात नागपूरला जाऊन मी दार लावलं. धप्पच आला. मी पुन्हा लावलं. पाचव्यांदा लावलं तेव्हा विक्रेत्या पोराने नम्रपणे विचारलं, "सर, आतून बघायची आहे का?" घरी आल्यावर आईला आवाजाचं महत्त्व सांगितलं. ती म्हणाली, "आपल्या धान्याच्या कोठीचाही धप्पच येतो."

'पसंत'च्या बाजूला एक भक्कम नोंद होती. २०२३ साली ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत या दोघींना सुरक्षिततेचे पाचपैकी पाच तारे मिळाले. मात्र पुढल्याच वर्षी नव्या डिझायरनेही पाच तारे मिळवले आणि विलायतीचा तेवढा तोरा उतरला. तरीही घाटात उतरणाऱ्या माणसाला तारे मोटारीला असलेले बरे. नाहीतर ते डोळ्यांपुढे चमकतात.

मग शंकांची पानं सुरू झाली. ती भराभरा भरत गेली.

पहिली शंका सिलिंडरची. या गाडीच्या लहान इंजिनाला तीनच सिलिंडर. इंजिन ९९९ सीसीचं, पण टर्बो नावाचा एक पंखा बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून आत जास्त हवा कोंबतो, त्यामुळे ते ११५ घोड्यांचं काम करतं. हे मी घरी फळ्यावर आकृती काढून समजावलं. सौ.ने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "पण चौथा सिलिंडर गेला कुठे?" आमच्याकडे गॅसचा दुसरा सिलिंडर रिकामा असला तरी तिला झोप येत नाही, तिथे जन्मतःच एक सिलिंडर कमी असलेली गाडी तिने कशी पसंत करावी?

दुसरी शंका गिअरची. मोठ्या इंजिनाबरोबर सात गिअरची, दोन क्लचची पेटी मिळते. एक क्लच चालू गिअर सांभाळतो, दुसरा पुढचा गिअर तयार ठेवतो. फार नाजूक आणि हुशार व्यवस्था आहे म्हणतात, पण रांगत चालणाऱ्या वाहतुकीत तापते. वाहतूक आमच्याकडे म्हशींची. आणि दोन क्लचचं आम्हाला कौतुक ते काय? आमच्या तालुक्याच्या सीमेवर चौदा गावं अशी आहेत, की ज्यांची नावं महाराष्ट्र आणि तेलंगण या दोन्ही राज्यांच्या मतदारयाद्यांत लागली. वर्षानुवर्षं ती दोन्ही गिअरमध्ये चालली आणि तापली नाहीत. मी मात्र हाताने टाकायच्या सहा गिअरवर समाधान मानायचं ठरवलं.

तिसरी शंका सरकारी. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींवरचा जीएसटी बदलला. पेट्रोलची गाडी १२०० सीसीच्या आत आणि लांबीने चार मीटरच्या आत असेल तर १८ टक्के. दोहोंपैकी एक जरी अट मोडली तरी ४० टक्के. आमच्या उमेदवाराचं इंजिन पास, लांबीत नापास. साडेचार मीटर! अर्ध्या मीटरसाठी बावीस टक्के जादा. शिंप्याने एवढं कापड उरवलं तर आपण त्याच्याशी भांडतो.

हा अर्धा मीटर म्हणजेच डिकी हे मी सौ.ला सांगितलं. "पाचशे एकवीस लिटरची आहे," मी अभिमानाने म्हणालो. "लिटरची? डिकीत काय दूध ओतायचंय?" ती म्हणाली. "तुरीचे कट्टे किती बसतात ते सांगा." हा आकडा कंपनीच्या पुस्तिकेत नव्हता. मग सौ.ने सुचवलं, की त्यापेक्षा ती अर्धा मीटर बाहेर बांधून घ्या आणि कर वाचवा.

चौथी शंका आईची. ती आमच्याबरोबर एकदा नागपूरला आली आणि गाडीत बसून पाहिली. बसली छान. पाठ टेकवून म्हणाली, "गादी बरी आहे रे." मग उठायची वेळ आली. सेडानची सीट बुटकी. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तीत बसणं म्हणजे पाटावर बसणं. मी एका हाताला, विक्रेता दुसऱ्या हाताला. बाहेर आल्यावर पदर सावरत ती म्हणाली, "बसायला काही नाही. उठवायला दर वेळी हा पोरगा येणार का नागपूरहून?"

पाचवी शंका आमच्या गॅरेजवाल्याची. तो बोलेरो डोळे मिटून उघडतो आणि मिटलेल्याच डोळ्यांनी पुन्हा बसवतो. विलायतीचं नाव काढल्यावर त्याने हातातला पाना खाली ठेवला. "सर, ही गाडी आजारी पडली की आधी कॉम्प्युटर लावा लागते. माझ्याकडे हा पाना आहे." जिवतीहून नागपूर म्हणजे डोंगर उतरून चंद्रपूर, आणि तिथून पुढे सुमारे दीडशे किलोमीटर. पावसाळ्यात वर्धा फुगली की राजुरा-बल्लारपूर रस्त्यावर पाणी येतं. म्हणजे गाडीने आजारी पडायचं तर नदीची पातळी पाहून पडायला हवं.

सहावी शंका मेहुण्यांनीच काढली. "भाऊजी, या कंपन्या टिकतात का हो?" प्रश्न रास्त होता. फ्रान्सची प्यूजो नव्वदच्या दशकात कल्याणला आली, ३०९ नावाची डौलदार गाडी तिने दिली आणि थोड्याच वर्षांत गाशा गुंडाळला. ओपेल आली आणि गेली. जिने आपल्याला मोटार म्हणजे काय ते शिकवलं, त्या फियाटने रांजणगावात कारखाना असूनही आपल्या नावाच्या गाड्या विकणं थांबवलं. परदेशी स्थळाचं हेच भय असतं. मंडळी चांगली असतात, पण कधी उठून जातील याचा नेम नाही. मग सुटा भाग शोधत माणूस जुन्या बाजारात फिरतो.

इतक्या शंकांनंतरही 'पसंत'ची बाजू मी पुसली नव्हती. पण सातव्या शंकेवर येऊन अडलो. गाडीच्या पोटाखाली किती जागा आहे? पुस्तिकेत आकडा होता: १७९ मिलिमीटर. मी वीत पसरून पट्टीवर ठेवली. २१ सेंटिमीटर भरली. म्हणजे गाडीचं पोट जमिनीपासून पुरती एक वीतही वर नाही! तेही गाडी रिकामी असताना. आत पाच माणसं आणि तुरीचे कट्टे बसले की ती आणखी खाली. शिवाय पुढच्या आणि मागच्या चाकांत साडेआठ फुटांहून जास्त अंतर, त्यामुळे उंचवट्यावर पुढची चाकं उतरतात, मागची चढतात आणि मधलं पोट टेकतं. मग त्याच कंपनीच्या उंच म्हणवणाऱ्या कुशाकचा आकडा पाहिला: १८८. चाकांतलं अंतरही तेवढंच. म्हणजे जगभर जो उंचपणाचा गाजावाजा चालला आहे, तो इथे नऊ मिलिमीटरचा. करंगळीचं एक नख.

मास्तराला आकड्यावर विश्वास ठेवून चालत नाही. पडताळा पाहावा लागतो. मी बांबूची एक काडी बरोबर १७९ मिलिमीटरची कापली आणि एका रविवारी सकाळी आमच्या गुड्यापासून मुख्य रस्त्यापर्यंतच्या चार किलोमीटरच्या तुकड्यावर निघालो. दगड दिसला की शेजारी काडी उभी करायची. दगड काडीपेक्षा बुटका असेल तर वहीत बरोबरची खूण, उंच असेल तर चूक. खड्डा असेल तर दोन काठांवर दोरी ताणून मधला उंचवटा मोजायचा.

पहिल्या अर्ध्या किलोमीटरवर मागे दोन मुलं होती. दुसऱ्या किलोमीटरवर आठ-दहा माणसं जमली. एकाने न सांगता दोरीचं दुसरं टोक धरलं. एका घरातून चहा आला. तिसऱ्या किलोमीटरवर एक जण म्हणाला, "साहेब, इथं मोरी पण लिहून घ्या जी. पावसाळ्यात पाणी राहाते." तेव्हा माझ्या लक्षात आलं, की रस्ता मंजूर झाल्याची बातमी माझ्यापुढे दोन वस्त्या पोचली आहे.

एका बाभळीखाली एक म्हातारे बसले होते. मूळचे नांदेडकडचे, लहानपणी वडिलांच्या पाठीवर बसून इथं आलेले. त्यांनी विचारलं, "गुरुजी, रस्ता व्हायलाय का?"

"नाही बाबा. मला गाडी घ्यायचीय. ती इथून जाते का बघतोय."

मागचे सगळे गप्प झाले. दोरी धरणाऱ्याने टोक सोडलं नाही, एवढंच. म्हातारे थोडा वेळ काडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "घ्या की. कोणतीबी घ्या. पण मागचं शीट लांब बघून घ्या. बाईमाणसाला आडवं करून नेता यावं."

त्यांच्या सुनेला दिवस भरल्यावर रात्री काळीपिवळीतून नेलं होतं. १०८ ला फोन लावायचा तर आधी रेंज असलेल्या टेकाडावर चढावं लागतं. तेवढी सवड नव्हती. जीपमध्ये आडवं होता येईना. दोन बायकांनी तिला दोन्हीकडून धरून बसवलं आणि गडचांदूरपर्यंत घाट उतरला. "पोरगं बरं आहे," म्हातारे म्हणाले. "तुमच्याच शाळेत दुसरीला आहे."

त्या रात्री मी वही काढली. सिलिंडर, कर, धप्प, तारे... सगळ्या नोंदी वाचल्या. मोटारीच्या म्हणून लिहिलेल्या शंकांपैकी निम्म्या मोटारीच्या नव्हत्याच, रस्त्याच्या होत्या. विलायती मोटार चाकणला मिळते. विलायती रस्ता डिकीत घालून देत नाहीत. आणि ज्या गोष्टीसाठी आमच्याकडे चारचाकीला चारचाकी म्हणतात, ती गोष्ट वहीत कुठेच नव्हती. शहरात मोटार घेणाऱ्याची असते. इथे ती दिवसा घेणाऱ्याची आणि रात्री गुड्याची असते.

पुढच्या खेपेला नागपूरला गेलो तो टेप घेऊनच. मागची सीट मोजली: साडेचार फूट. मग बूट काढले आणि सरळ तीवर आडवा झालो. गुडघे दुमडावे लागले, पण पाठ टेकली. गादी मऊ, डोकं दाराला लागत नव्हतं. मधला भाग थोडा टोचला, तिथे घोंगडी घालता येईल. विक्रेता पोरगा धावत पाणी घेऊन आला. "सर, बरं वाटत नाही का?"

"बरं वाटतंय," मी म्हणालो. "दार लाव बघू." धप्प आवाज आला. आडवं असताना तो जास्त बरा वाटला.

तरीही निर्णय मी घेतला नव्हता, हे इथे नमूद करतो. वहीत सतरा ठिकाणी चुकीची खूण होती. त्यांतली चौदा गाडी तिरपी घालून, हळू काढली तर जमण्यासारखी होती. तीन मात्र कोणत्याही कोनातून जमत नव्हती. शहाणपण सांगत होतं, की सरळ एखादी खरीखुरी उंच जीप घ्यावी. आईचे गुडघे तेच सांगत होते, गॅरेजवाल्याचा पाना तेच सांगत होता. मी मनाची तयारीही करत आणली होती.

पण परवाच्या रविवारी फिरायला निघालो तर त्या पहिल्या ठिकाणी दोन ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या उभ्या. दहा-बारा जण फावडी घेऊन मुरूम पसरत होते. दोरी धरणारा पुढे होता. म्हातारे बाभळीखालून सूचना देत होते. एका मुलाच्या हातात बांबूची काडी होती. माझ्या काडीच्या मापाने त्याने दुसरी कापून घेतली होती. तो काडी उभी करून ओरडे, "बसते! बसते!"

मुरूम हा एका पावसाचा सोबती. आषाढात तो कुठे जाईल हे मला ठाऊक आहे, त्यांनाही आहे. मी काही बोलायच्या आत म्हाताऱ्यांनी विचारलं, "गुरुजी, गाडी कधी यायलीय?"

मी म्हणालो, "दसऱ्याला."

घरी आल्यावर सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, पण जीपचं ठरत होतं ना?" आता तिला काय सांगू? तिन्ही जागा डिकीवाल्या गाडीच्या मापाने भरल्या गेल्या आहेत. उंच जीप घेऊन वरून टाकदिशी निघून गेलो, तर त्या मुरमाला तोंड काय दाखवू?